हातासरशी

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशाजवळ कायम एका पांढऱ्या पंजाचा ठसा असायचा. लक्ष्मीपूजनाला दारात उमटवतात तसा. फक्त हा शुभ नव्हता, निदान माझ्यासाठी तरी नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या केमिकल कारखान्यात पाइपांच्या गर्दीतून तो ठसा आपल्याकडे येताना दिसला, की आज आपण कोणाला न सांगता काय काय करून बसलोय ते मी भराभरा आठवू लागायचो. काही ना काही असायचंच.

तो ठसा फक्कीचा. जमिनीवर पाया आखताना चुन्याची पांढरी पूड टाकतात ना, ती. आमचे साहेब नवीन कामांचे आणि मोठ्या दुरुस्त्यांचे प्रमुख होते, पण खांद्याला कापडी पिशवी अडकवून त्यात फक्की घेऊन हिंडायचे, एखाद्या गवंड्यासारखे. हात पिशवीत, मग हात खिशाला. म्हणून फिटर लोक त्यांना फक्कीसाहेब म्हणायचे, अर्थात पाठीमागे. समोर कोणी काही म्हणत नसे. समोर गेलं की साहेब एकच प्रश्न विचारायचे.

"काय करायचं नाही?"

काम कुठलंही असो, पंप बसवायचा असो की छपराचा पत्रा बदलायचा असो, पहिल्या दिवशी साहेब त्या जागेभोवती स्वतःच्या हाताने फक्कीची रेषा मारायचे. मग इंजिनियरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना रेषेच्या आत उभं करायचे आणि एकेकाकडून वदवून घ्यायचे, की या कामात तो काय करणार नाही. "काय करायचं ते गाढवालासुद्धा माहीत असतं," ते म्हणायचे. "पाठीवर घातलेलं असतं. काय करायचं नाही, ते बोला." आवाज अगदी हळू. आरडाओरडा करणारा साहेब परवडला हो, तो दमतो तरी. हे दमायचे नाहीत. रेषेबाहेर कोणी पाना नुसता टेकवला तरी जवळ येऊन नुसते उभे राहायचे.  भलेभले फिटर घामाने निथळून तो पाना उचलून परत आत आणायचे.

आणि एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची बंदी होती. 'हातासरशी'.

"साहेब, खड्डा खणलाच आहे तर हातासरशी..." एवढं कोणी म्हटलं, की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरच्याच्या पायाशी साप आहे आणि तो त्यांना एकट्यांनाच दिसतोय.

हे सगळं कारखान्यापुरतं असतं तर आम्ही समजून घेतलं असतं. पण ते घरीही तसेच होते. पालघरच्या बाजारात मासवणकडच्या बायका टोपल्या घेऊन बसायच्या. तिथे एकदा मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांनी मेथीची जुडी घेतली. बाईने वर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवल्या. त्यांनी त्या उचलून परत टोपलीत ठेवल्या.

"घ्या ना सायेब, मी कुठं पैशे मागते? फुकट हाय."

"मी मेथी न्यायला आलोय."

"आवो पन आलावच हाय तर..."

साहेब निघाले. म्हणजे जवळजवळ पळालेच. बाई शेजारणीला म्हणाली, "भला मानूस हाय गो. पन येडा हाय."

त्यांचं घर पालघरच्या बाहेरच्या अंगाला होतं, स्वतः बांधलेलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला एकदा चहा देताना सांगितलं, "भावजी, बांधकाम चाललं होतं तेव्हा मी एक कोनाडा मागितला हो, देवांसाठी. तर म्हणाले, नकाशा झालाय. देव अजून फ्रीजवर आहेत." मी बघितलं. खरंच होते. गणपतीला तर फ्रीज सुरू झाला की बारीक कंप सुटायचा.

एकदा माझी छत्री परत द्यायला ते माझ्या खोलीवर आले. माझी आई साताऱ्याहून आलेली होती. ती म्हणाली, "आलाच आहात तर दोन घास खाऊन जा. पानं घेतलीच आहेत." साहेब पांढरेफटक पडले. "मी छत्री द्यायला आलो होतो," म्हणाले, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि आल्या पावली जिना उतरले. आईने मला विचारलं, "तुझ्या साहेबाला जेवणाची भीती वाटते का रे?"

तेव्हा मी हसलो. आता ती गोष्ट आठवली की हसू येत नाही.

मी मात्र या शब्दातच वाढलेला. आमच्या घरात सगळं हातासरशीच व्हायचं. आई दळणाला गेली की हातासरशी एक लग्नही जमवून यायची. त्यामुळे साहेबांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं, एका पंपाचा सिमेंटचा चौथरा घालायचं, तेव्हा काय होणार हे माझ्या पत्रिकेतच लिहिलेलं होतं. चौथऱ्याचा माल कालवला, थोडा जास्त झाला. शेजारच्या गटाराची कड फुटली होती. म्हटलं, हातासरशी लावून टाकू. कड लावली तर पाणी तुंबलं. म्हणून हातासरशी उतार काढला. उतार काढताना कुदळ लागली पाण्याच्या नळाला. नळाचं पाणी गेलं सायकल स्टँडच्या भिंतीखाली. आठवडा संपला तेव्हा मी त्या पडलेल्या भिंतीपाशी उभा होतो आणि पंपाचा चौथरा अजून व्हायचाच होता.

साहेब आले. भिंतीकडे बघितलं, नळाकडे बघितलं, गटाराकडे बघितलं. पिशवी माझ्या हातात दिली.

"रेषा मारा."

"कुठे साहेब?"

"तुम्ही जिथवर पोचलात तिथवर."

सगळा कारखाना जेवणाच्या सुटीत बघत असताना मी वाकून रेषा मारत निघालो. पंपापासून गटार, गटारापासून नळ, नळापासून सायकल स्टँड. पिशवी रिकामी झाली. गेटवरच्या पहारेकऱ्याने मला सलाम ठोकला आणि गंभीर तोंडाने विचारलं, "साहेब, गेटपण आत घेणार का?"

संध्याकाळी साहेबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं नोकरी गेली. ते म्हणाले, "काम वाढवायला माझी ना नाही. पण वाढवायचं असलं तर आधी थांबवायचं. सगळ्यांना बोलवायचं. जुनी रेषा पायाने पुसायची. नवी मारायची. मग वाढवा. चोरून वाढतं ते काम नव्हे, गळू असतं."

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हता.

आता त्यांची ती पाढ्यांची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे मोठ्या लोखंडी टाक्या होत्या, घराएवढ्या. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून दुरुस्त्या करायचे, शटडाऊन म्हणायचे त्याला. तेव्हा टाकी रिकामी करून, धुऊन, माणूस आत उतरायचा आणि तळाला चिकटलेला थर खरवडायचा. आत जायला बाजूला कमरेच्या उंचीवर एक गोल भोक, मॅनहोल. आतल्या माणसाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं टोक भोकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. कारण टाकीत काही वाफ उरली असली तर ती ओरडायला वेळ देत नाही. गोड वास येतो, गुंगी येते, संपलं.

साहेबांचा नियम असा, की रेषा ज्याने मारली त्याने टाकीत पहिलं जायचं. रेषा नेहमी तेच मारायचे, त्यामुळे पहिले तेच जायचे. चष्मा काढून पुसायचे, परत घालायचे, पट्टा आवळायचे आणि त्या भोकातून आत शिरायचे. आणि मग आतून आवाज यायचा. "एक अडीचं अडीच... दोन अडीचं पाच..." पाढे! जुन्या शाळेतली अडीचकी, औटकी, मोठमोठ्याने. लोखंडी टाकीत तो आवाज असा घुमायचा, जणू विहिरीत पडलेला एखादा मास्तर वर्ग घेतोय. नवीन पोरं तोंड दाबून हसायची. जुने फिटर हसायचे नाहीत. जोवर पाढा ऐकू येतोय तोवर माणूस शुद्धीवर आहे. पाढा थांबला की ओढायचं.

मीही आधी हसणाऱ्यांतलाच. एकदा मात्र मी मॅनहोलच्या अगदी जवळ होतो आणि ते पट्टा आवळत होते.  त्यांच्या बोटांना बक्कल काही केल्या लागेना. मी लावून दिलं. न राहवून विचारलं, "साहेब, तुम्हाला भीती वाटते?"

"खूप," ते म्हणाले. "नाहीतर फक्की कशाला वागवतो?"

आणि भोकातून आत गेले.

त्या वर्षीच्या शटडाऊनमध्ये दोन जुळ्या टाक्यांपैकी एकीचं काम आमच्याकडे होतं. दोन्ही टाक्या तळाशी एका नळीने जोडलेल्या. दुसऱ्या टाकीत थोडा सॉल्व्हंट, म्हणजे तसलीच गुंगीची वाफ सोडणारं द्रव, शिल्लक होता, म्हणून आमच्या टाकीशी नळीच्या सांध्यात एक अखंड लोखंडी चकती बसवली होती. म्हणजे नळी आंधळी. तिकडचं इकडे येणार नाही. साहेबांनी आमच्या टाकीभोवती रेषा मारली, पाढे म्हणून आले, आणि मग आत गेला काशिनाथ.

काशिनाथ मुरब्याचा. बापाची होडी, पण एक चुलता समुद्रात गेलेला म्हणून आईने याला होडीवर पाय ठेवू दिला नव्हता. कंपनीत चिकटवला. गडी मोठा बोलका. आतून खरवडता खरवडता खरवडणीच्या दांड्याने टाकीला ठक-ठक करायचा आणि बाहेर दोर धरून उभा असलेला त्याचा मेव्हणा दामू पान्याने एक ठक करून उत्तर द्यायचा. मध्येच आतून आवाज, "दामू, जेवाया काय आनलंस?" "बोंबील." "तेच काल होते!" "मंग दर्याला सांग."

दुपारी साहेबांना पालघरला तहसील कचेरीत जावं लागलं. जाताना त्यांनी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "रेषा तुमच्या हवाली," म्हणाले. मला वाटलं माझा राज्याभिषेक झाला.

ते गेटबाहेर गेले आणि प्रॉडक्शनचे साहेब आले. हा हसरा माणूस. पाठीवर हात ठेवून बोलायचा. दुसरी टाकी त्यांच्या ताब्यात.

"काय राव, तो आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह वर्षभर गळतोय. तुमची माणसं इथंच आहेत, पाने इथंच आहेत. हातासरशी तेवढा बदलून टाका ना."

"साहेब आले की विचारतो."

"अहो, ते पालघरला गेलेत. गेलेच आहेत तर घरी जेवतील, जरा लवंडतील. माणूसच आहे. चारच्या आत येत नाहीत. तोवर तुमचं होऊनसुद्धा जाईल. तुमच्यासारख्या तरण्या इंजिनियरला असल्या बारक्या गोष्टी विचाराव्या लागतात?"

झालं. पाठीवरचा हात आणि 'तरणा इंजिनियर'. काम थांबवायचं, काशिनाथला बाहेर काढायचं, सगळ्यांना गोळा करायचं, रेषा पुसायची, हे सगळं एका व्हॉल्व्हसाठी? मी पिशवीत हात घातला आणि रेषेला शेपूट काढलं. आमच्या टाकीपासून दुसऱ्या टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक पांढरी पट्टी. आता तेही रेषेच्या आतच, नाही का?

दुसऱ्या टोळीचा मिस्त्री बोलावला. उत्तरेकडचा, नवीन, कामाला फार स्वच्छ. त्याला सांगितलं, व्हॉल्व्ह बदल. नळीचा तुकडा सोडवल्याशिवाय व्हॉल्व्ह निघेना. त्याने दुसऱ्या टाकीच्या तळाचा कॉक बंद केला आणि दोन्हीकडचे बोल्ट सोडले. तुकडा जड होता, खांदा द्यायला कोणी पाहिजे होतं.

"दामू, इकडे ये जरा."

"सायेब, तोंडाशी मानूस पायजे."

"अरे, दोन मिनिटं. हातासरशी."

दामूने माझ्याकडे बघितलं. मग दोर मॅनहोलच्या कडीला बांधला आणि आला. मी साहेब होतो ना.

नवा व्हॉल्व्ह बसला. मिस्त्रीने नळी परत जोडायला घेतली आणि खाली पडलेली एक चकती उचलून मला दाखवली. "साहब, ये पत्ती किधर का है?"

मी त्या वेळी प्रॉडक्शनच्या साहेबांची सिगरेट नाकारण्यात गुंतलो होतो. "साइड में रख दो," मी म्हणालो.

त्याने ती पुसून नीट बाजूला ठेवली. स्वच्छ माणूस! सांधा घट्ट आवळला. "टेस्ट भी कर दूँ, साहब?"

आणि मी म्हणालो, "लगे हाथ कर डालो." मेला हा शब्द हिंदीतही आहे.

तळाचा कॉक आणि व्हॉल्व्ह उघडला. नळीतून काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज झाला. छान चालतोय, असं प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले आणि निघून गेले. मी कपाळ पुसलं. मग मला वाटलं, कुठूनतरी पिकल्या केळ्यांसारखा वास येतोय.

दामू हातातला पाना तसाच धरून उभा होता. तो म्हणाला, "सायेब, काशी गप का?"

ती ठक-ठक कधी थांबली होती, ते मला माहीत नाही. आजही माहीत नाही.  मला कळत होतं की धावायचं आहे. पण मी उभाच होतो.

तेवढ्यात गेटच्या बाजूने छत्री येताना दिसली.

साहेब आले ते जमिनीकडेच बघत आले. ते नेहमी आधी जमीन बघायचे. त्यांनी रेषा बघितली, रेषेचं शेपूट बघितलं. त्या शेपटीवरून आमच्या सगळ्यांच्या पायांचे पांढरे ठसे दुसऱ्या टाकीकडे गेले होते. मग त्यांनी मॅनहोलकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

छत्री हवेत उडालेली मला आठवते. त्या माणसाला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कडीचा, फक्कीत लोळलेला दोर त्यांनी सोडवला आणि ओढला, आणि त्यांच्या पाठीवरून मला कळलं की दोर जड लागतोय.

"व्हॉल्व्ह!" ते ओरडले. तोही आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मिस्त्रीने झडप घालून व्हॉल्व्ह बंद केला. दामू धावला. दोघांनी मिळून ओढलं. मॅनहोलच्या कडेवर आधी काशिनाथचं डोकं आलं, लोंबणारं, मग हात. त्याचा रंग ओल्या सिमेंटसारखा झाला होता. त्याला वाऱ्यावर खडीत आडवा केला. दामू त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणत होता, "काश्या, ए काश्या, तुझ्या आयशीला काय सांगू रे मी?"

साहेबांनी काशिनाथच्या छातीवर दोन्ही हात ठेवले, दाबले, सोडले, दाबले, सोडले. मग हात काढले आणि बघत राहिले. काशिनाथच्या निळ्या शर्टावर पांढरा पंजा उमटला होता. आम्ही सगळे, अख्खा कारखाना म्हणा हवं तर, त्या पंजाकडे बघत उभे होतो. तो हलत नव्हता.

मी देवाला काही वचनं दिली. ती इथे सांगत नाही, कारण बहुतेक मी पाळलेली नाहीत.

मग तो पंजा वर आला. किंचित. खाली गेला. परत वर आला. काशिनाथ कुशीवर वळला आणि साहेबांच्या पायांवर भडाभडा ओकला.

इस्पितळाच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो तेव्हा मुरब्याहून त्याची आई आली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हाताला मासळीचा वास. डॉक्टर म्हणाले होते, धोका टळलाय. तिने ते ऐकून घेतलं आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली. कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"दर्यात नाय घातला मी त्याला. आन तुमी टाकीत घातलाव?"

मी खाली बघितलं. माझ्या बुटांवर फक्की होती.

ती आत गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, तुम्ही लवकर आलात."

"तहसीलदार भेटले. काम झालं. आलो."

"घरी जेवून येणार, असं वाटलं होतं."

"घरी काय काम होतं?" त्यांनी विचारलं.

नंतर वहिनींनी सांगितलं, की त्या दिवशी त्या अंगणातच होत्या. रिक्षा दारावरून गेली. त्यांनी हात केला. पान वाढलेलं होतं. यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. वहिनी ते तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. मी त्या फ्रीजवरच्या देवांकडे बघत होतो. जगातला कुठलाही शहाणा माणूस त्या दिवशी पालघरला जेवला असता.

नोकरी सोडतो, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "टाकी अर्धी राहिली आहे."

काशिनाथ थोड्या दिवसांनी कामावर आला. खोकत होता, पण आला. सकाळी साहेबांनी सगळ्यांना, चकती परत बसवून पुन्हा धुतलेल्या टाकीपाशी उभं केलं आणि पिशवी माझ्याकडे दिली. मी जुनी रेषा पायाने पुसली. शेपूट पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते इतकंसंच होतं, पण जाता जाईना. मग नवी रेषा मारली, या वेळी दोन्ही टाक्यांभोवती, आणि सगळे आत उभे राहिले.

"काय करायचं नाही?" साहेबांनी विचारलं.

दामू म्हणाला, "मी तोंड सोडनार नाय. कुनी बी बोलवू दे." मिस्त्री म्हणाला, "वो पत्ती मैं नहीं निकालूँगा साहब, चाहे भगवान बोले." मी काय म्हणालो ते सगळ्यांना पाठच होतं. तो एक शब्द मी पुन्हा उच्चारणार नव्हतो.

काशिनाथची पाळी आली. तो टाकीच्या भोकाकडे बघत होता. ते भोक काळं होतं. सकाळच्या उन्हातसुद्धा.

"मी आत जानार नाय, सायेब," तो म्हणाला.



"बरोबर," साहेब म्हणाले. "आज तू आत नाही."

आणि त्यांनी पट्टा उचलला. मला वाटलं आता चष्मा पुसतील. त्यांनी पट्टा माझ्या कमरेला लावला. बक्कल त्यांच्या बोटांना लागेना. माझ्याही लागेना. शेवटी दामूने लावलं.

"रेषा कोणी मारली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी."

"दोर कोण धरतंय?"

"मी धरतो," काशिनाथ म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. ना राग, ना हसू. त्याने दोर मनगटाभोवती गुंडाळला, होडीवरची माणसं गुंडाळतात तसा. होडीवर कधी न गेलेला माणूस तो. तिथून पळून जावं असं मला मनापासून वाटलं. आजूबाजूला बघितलं तर सगळीकडे रेषा.

मी आत शिरलो.

टाकीच्या आत पहिली गोष्ट कळते ती ही, की बाहेरचं जग एवढंच आहे. एक गोल भोक, ताटाएवढं. दुसरी गोष्ट, की आपला श्वास मोठा असतो. मला पिकल्या केळ्यांचा वास आला. नव्हता, पण आला. मी ओरडलो, "सतरा एके सतरा!" टाकी माझ्यावर ओरडली. "सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न!" कशाला सतराचा पाढा घेतला देव जाणे. आयुष्यात कधी आला नव्हता. "सतरा चोक अडुसष्ट! सतरा पाचा पंच्याऐंशी! सतरा सक..."

सतरा सक.

आठवेना. मी भिंतीला हात लावला. भिंत गार. सतरा सक, सतरा सक...

पट्टा बरगड्यांत घुसला. पाय सुटले, मी गुडघ्यांवर आपटलो आणि खरवडलेल्या तळावरून फरफटत, हनुवटी आपटत, त्या ताटाएवढ्या उजेडातून बाहेर फेकला गेलो. वर काशिनाथ होता. दोन्ही पाय टाकीला लावून, दात आवळून, अजून ओढतच होता. दोर मनगटात रुतला होता.

"काय झालं?" साहेब म्हणाले. 

"काही नाही साहेब. पाढा विसरलो."

 काशिनाथला खोकला आला, आणि खोकता खोकताच तो म्हणाला, "विसरलाव का मेलाव, आमाला भायेर काय कळतंय? गप झालाव की वढनार मी. सांगून ठेवतो."

साहेबांनी चष्मा पुसला. परत घातला.

"आत जा," ते मला म्हणाले. "पहिल्यापासून. येतो तो पाढा घ्या."

गुडघ्यातून रक्त येत होतं. मी परत त्या भोकातून आत गेलो आणि टाकीच्या मधोमध उभा राहिलो. "बे एके बे," मी म्हणालो. "बे दुणे चार." एवढा सोपा पाढा इतक्या मोठ्याने आणि इतका घाबरून कोणी म्हटला नसेल. एकदा संपला की परत सुरू केला. मध्ये श्वास घ्यायला जरा थांबलो, की कमरेला दोर ताठ व्हायचा.